पत्ता : द्वारा फ्लीट मेल ऑफिस, मुंबई

4 डिसेंबरला आपल्याकडे काय गर्दी उसळते ते तुम्हाला सांगायला नको. 2023 साली नौदल दिनाचा सोहळा तारकर्लीलाच झाला, तेव्हा मला तर उभं राहायलाही जागा मिळाली नव्हती. 1971 च्या युद्धात कराचीवर आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी हल्ला चढवला, तोच तो दिवस. आनंद साजरा व्हायलाच हवा. आज 9 तारीख आहे. समोर खुर्च्या बऱ्याच रिकाम्या दिसतायत आणि पहिली रांग तर वाचनालयाच्या कार्यकारिणीचीच आहे. विजयानंतर पाचव्याच दिवशी काय झालं, ते ऐकायला माणसं कमी येतात. चालायचंच.

1971 च्या 9 डिसेंबरला, रात्री पावणेनऊच्या सुमारास, दीवपासून साधारण 40 सागरी मैलांवर आपली ‘खुकरी’ ही फ्रिगेट बुडाली. ‘हंगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीने पाणतीर डागला होता. पाणबुडी फ्रेंच बनावटीची, अगदी नवी. ‘खुकरी’ इंग्लंडात बांधलेली, 1958 साली नौदलात आलेली. पाण्याखालचा आवाज टिपणारी तिची सोनार यंत्रणा जुनी. तिच्यात सुधारणा करून बघण्याचं काम चालू होतं आणि त्यासाठी जहाज हळू चालवावं लागत होतं. पाणबुडीला ते दुरूनच ऐकू आलं. पाणबुडीच्या शिकारीला निघालेलं जहाजच शिकार झालं. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. 67 जण वाचले. त्यांना दुसऱ्या दिवशी ‘कच्छल’ या जहाजाने पाण्यातून वर घेतलं.

कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. आपलं लाइफ जॅकेट दुसऱ्याला देऊन ते जहाजाबरोबर गेले. मरणोत्तर महावीरचक्र मिळालं. त्या माणसापुढे मी हात जोडतो. पण मला आज दुसरंच बोलायचं आहे. शौर्य दाखवायलाही थोडा वेळ लागतो हो. जहाज अवघ्या काही मिनिटांत गेलं. दिवे गेले, जहाज कललं. वर असलेल्याला निदान उडी तरी मारता आली. खाली इंजिनाशी, मेसमध्ये, नाहीतर पाळी संपवून बंकवर आडवा झालेला वीस-बावीस वर्षांचा पोरगा असेल, त्याने काय करायचं होतं? त्याच्या वाट्याला गोष्ट आलीच नाही. आणि ज्याची गोष्ट नाही त्याची आठवण आपण ठेवत नाही, हा आपला जुना दोष आहे.

तसा एक आमच्या वाडीतला होता. त्याचं नाव घेत नाही. घरच्यांनी तसं सांगितलंय.

मी तेव्हा पाचवीत. त्याच्या आईला, म्हणजे आमच्या काकीला, अक्षर ओळखीचं नव्हतं. त्याची पत्रं मी वाचायचो, उत्तरंही मीच लिहायचो. निळं आंतरदेशीय पत्र. त्याच्या पत्रात सगळं असायचं, पण जहाज कुठे चाललंय ते कधी नसायचं. तसं लिहायची मुभाच नव्हती. आणि पत्ता तरी कसला! त्याचं नाव, त्याचा नंबर, जहाजाचं नाव, द्वारा फ्लीट मेल ऑफिस, मुंबई. ना गाव, ना गल्ली. मला त्याचं फार अप्रूप वाटायचं. चालत्या घराला पत्र कसं पोचतं? पोस्टमास्तरांनी समजावलं : मुंबईला सगळं गोळा होतं, जहाज जिथे लागेल तिथे टपाल जातं.

युद्ध पेटल्यावर काकीने पत्र लिहायला घेतलं. म्हणजे ती चुलीपुढे बसून सांगत होती, मी पाटावर लिहीत होतो. कुळथाचं पीठ दळून ठेवलंय, रेडी व्यायली, पारडू झालं, तू येशील तेव्हा खरवस नाही मिळायचा पण दूध मिळेल. शेवटी जागा उरली म्हणून मी माझ्या मनाने ‘भारत माता की जय’ लिहिलं.

मग तार आली. इंग्रजीत होती. गुरुजींनी वाचली आणि काकीला एवढंच म्हणाले, ‘‘बेपत्ता झालाय.’’ त्यापुढचं त्यांना बोलवलं नाही.

देह नाही, म्हणजे दहन नाही. असा माणूस गेला तर पळसाच्या पानांचा पुतळा करून संस्कार करायचा विधी शास्त्रात आहे, पण त्याआधी बारा वर्षं वाट बघायची असंही सांगतात. कायदा सात वर्षं म्हणतो. सैन्यदलाला एवढं थांबायची गरज पडत नाही, कागद लवकर येतात. काकीने सरकारी कागदावर अंगठा दिला, पण पुतळा करू दिला नाही. भटजी दोनदा येऊन गेले.

मुंबईत मस्जिद बंदरला खलाशांचं एक वसतिगृह आहे. दोन्ही महायुद्धांत समुद्रात गेलेल्या हजारो हिंदी खलाशांचं स्मारक तिथे आहे. ज्यांना समुद्राशिवाय दुसरी कबर नाही, असे ते. कोकणातली किती घरं बोटीवर जगली, हे इथे मी कुणाला सांगणार? तरी मुंबईला दहा वेळा जाणाऱ्यांपैकी किती जण तिथे गेलेत, हात वर करा. बघा.

निवृत्त झाल्यावर मी दीवला गेलो. टेकाडावर समुद्राकडे तोंड करून स्मारक आहे, काचेच्या घरात ‘खुकरी’ची छोटी प्रतिकृती. लोक पाठ करून फोटो काढत होते. मीही एक काढला. मग नुसता बसलो आणि मला काकीच आठवत राहिली.

तो कुळथाच्या पिठाचा मजकूर जानेवारीत परत आला होता. न उघडलेला, वर इंग्रजी शिक्का. मी तो तिच्या हातात दिला. तिने उलटसुलट करून पाहिला. उघड म्हणाली नाही, आत काय लिहिलंय ते तिला ठाऊकच होतं. गुरुजींचा तो शब्द मात्र तिच्या डोक्यात बसला होता. माझ्याकडे बघून म्हणाली, ‘‘पत्तो तू बरोबर लिवललंस मां रे?’’

होय म्हटलं. पुढे मी कॉलेजात गेलो, नोकरीला लागलो, मला मुलं झाली. गणपतीला गावी आलो की ओटीवर बसून ती मला एकदा तरी विचारायचीच. आणि मी दर वेळी तिला तो पत्ता नंबरासकट म्हणून दाखवायचो.