द्रव टिकतो कसा?

मित्रहो,

शाळेत आपण सगळ्यांनीच एक वाक्य पाठ केलेलं आहे. स्थायूला आकार आणि आकारमान दोन्ही असतं, द्रवाला आकारमान असतं पण आकार नसतो, वायूला दोन्ही नसतं. वाक्य बरोबर आहे. पण ते जे दिसतं तेवढंच सांगतं, तसं का दिसतं याबद्दल गप्प राहतं. शिवाय त्यात तिन्ही अवस्था सारख्याच मानाने शेजारी बसवलेल्या आहेत. मला आज नेमकं याच्या विरुद्ध बोलायचं आहे. या तिघांत द्रव सगळ्यात नाजूक आहे. तो टिकवायला कठीण आणि समजून घ्यायलाही कठीण. गोव्यातल्या माणसाला हे चटकन पटत नाही. एका अंगाला अरबी समुद्र, मध्ये मांडवी आणि जुवारी, डोक्यावर चार महिने पाऊस. आपल्याला पातळ पाणी ही जगातली सर्वांत साधी, गृहीत धरायची वस्तू वाटते.

कुठलाही पदार्थ घ्या, त्याच्या रेणूंच्या बाबतीत दोन गोष्टींची ओढाताण चाललेली असते. रेणू एकमेकांना ओढतात, ही एक. ते सतत हलत असतात, ही दुसरी. आणि तापमान म्हणजे या हालचालीचंच माप. ओढ वरचढ ठरली की रेणू जागच्या जागी थरथरत राहतात, जागा सोडत नाहीत. तो स्थायू. हालचाल वरचढ ठरली की ओढीला काही अर्थच उरत नाही, तो वायू. या सभागृहातल्या हवेचे रेणू आत्ता सेकंदाला सरासरी ४७० मीटरच्या आसपास वेगाने धावत आहेत. तरी माझ्याकडून निघालेला रेणू सरळ तुमच्यापर्यंत येत नाही, कारण मिलिमीटरच्या साधारण पंधरा हजाराव्या भागाइतकं अंतर कापलं की तो दुसऱ्यावर आपटतो आणि दिशा बदलतो.

आता द्रव. इथे दोघांपैकी कुणीच जिंकलेलं नसतं. जांबावलीला गुलालाच्या दिवशी देवळासमोर जी दाटी होते ती आठवा. खांद्याला खांदा लागलेला, मध्ये बोट शिरायला जागा नाही, आणि तरीही प्रत्येक जण सरकतो आहे, क्षणापूर्वी शेजारी होता तो आता नाही. पाण्यात हे किती वेगाने होतं पाहा. पाण्याच्या एका रेणूचे सरासरी चारेक निकटचे शेजारी असतात, आणि त्यांच्यातला एखादा बंध सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाच्या आसपास तुटतो आणि दुसऱ्याशी जुळतो. रेणूंमधलं अंतर जवळपास स्थायूइतकं, मोकळीक मात्र वायूच्या वळणाची. १ लिटर पाण्याची १०० अंशांवर वाफ झाली तर ती सुमारे १,७०० लिटर जागा घेते, म्हणजे रेणू एकमेकांपासून साधारण बारा पट दूर जातात. बर्फ वितळतो तेव्हा असं काही घडत नाही. उलट पाणी बर्फापेक्षा थोडी कमीच जागा घेतं.

विज्ञानाच्या इतिहासातही द्रव मागे राहिला, तो याच कारणाने. वायूत पुरती अव्यवस्था असते, आणि पुरत्या अव्यवस्थेचं गणित सोपं असतं. दाब आणि आकारमान यांचा नियम बॉइलने १६६२ मध्ये मांडला, वायूच्या रेणूंचे वेग कसे विभागलेले असतात ते मॅक्सवेलने १८६० मध्ये सांगितलं. स्फटिकात पुरती व्यवस्था असते. १९१२ मध्ये क्ष-किरणांनी ती उघड झाली आणि लगेच ब्रॅग पितापुत्रांनी मिठाच्या स्फटिकातला एकेक अणू कुठे बसतो हे दाखवून दिलं. द्रवात या दोन्हींपैकी काहीच धड नाही. १८७३ मध्ये योहानेस व्हॅन डर वाल्स या डच शास्त्रज्ञाने आपल्या प्रबंधात एक धाडसाचा विचार मांडला: वायूचे रेणू आणि द्रवाचे रेणू वेगळे नाहीतच, रेणूंना स्वतःची जागा असते आणि परस्परांची ओढ असते एवढं धरलं की एकाच समीकरणात दोन्ही अवस्था बसतात. त्या काळी रेणू खरोखर असतात की नाही यावरच वाद चालू होता. त्याला १९१० मध्ये नोबेल मिळालं. माझ्या मते पदार्थविज्ञानातल्या सर्वांत सुंदर कल्पनांपैकी ही एक आहे, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत तिला मिळते त्याहून खूप जास्त जागा मिळायला हवी.

द्रव नाजूक का म्हणतो ते आता सांगतो. पाणी १०० अंशांना उकळतं असं आपण म्हणतो; खरं तर समुद्रसपाटीच्या हवेच्या दाबाखाली ते १०० अंशांना उकळतं. पाण्याचे रेणू प्रत्येक तापमानाला बाहेर पडायला धडपडत असतात. ३० अंशांना त्यांची ही धडपड हवेच्या दाबाच्या फक्त चार टक्क्यांएवढी असते. म्हणून पाण्याच्या पोटात वाफेचा बुडबुडा तयार झाला तरी वरची हवा तो चिरडून टाकते, टिकू देत नाही. तापवत गेलं की ही धडपड वाढते आणि १०० अंशांना हवेच्या दाबाची बरोबरी करते. तेव्हा बुडबुडे तगतात. आता उलटा विचार करा. पाणी आहे तसंच ठेवलं आणि वरची हवा काढून घेतली तर? मांडवीचं पाणी ३० अंशांनाच खळखळून उकळू लागेल. काचेच्या हंडीतली हवा पंपाने उपसून हा प्रयोग करता येतो. पाणी उकळतं, उकळताना उष्णता गमावून गार होत जातं, आणि शेवटी उकळतं आहे तेच पाणी गोठायलाही लागतं. ०.०१ अंश सेल्सिअस तापमान आणि सुमारे ६१२ पास्कल दाब, म्हणजे आपल्या हवेच्या दाबाच्या एक टक्क्याहून कमी, इथे बर्फ, पाणी आणि वाफ तिघं एकत्र नांदतात. दाब याच्याही खाली गेला की द्रव पाण्याला जागाच उरत नाही. बर्फाची थेट वाफ होते.

मंगळावर हवेचा सरासरी दाब जवळपास एवढाच आहे. २००८ मध्ये फिनिक्स हे यान मंगळाच्या उत्तर भागात उतरलं, त्याच्या यांत्रिक हाताने माती उकरली, आणि चरात पांढरे गोळे दिसले. चारेक दिवसांत ते गोळे दिसेनासे झाले. ओल नाही, डबकं नाही. तो बर्फ होता आणि तो परस्पर हवेत गेला. आपला समुद्र समुद्र म्हणून टिकला आहे, तो त्याच्यावर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो हवेचं ओझं आहे म्हणून. हे ओझं आपल्याला जाणवत नाही, पण किनाऱ्यावरची प्रत्येक लाट त्याच्या आधाराने उभी आहे.

उकळणं आणि बाष्पीभवन यांत आपण फार गल्लत करतो, म्हणून मिठाकडे येतो. पेडण्यात आगरवाड्याकडे मिठागरं आहेत. भरतीचं खारं पाणी आत घ्यायचं, एका कोंडीतून दुसऱ्या उथळ कोंडीत फिरवायचं, आणि ऊन-वाऱ्यावर सोडायचं. तिथे चूल नाही, १०० अंश नाहीत. उकळताना वाफ द्रवाच्या पोटात तयार होते. इथे फक्त पृष्ठभागावरचा, योगायोगाने जास्त वेग मिळालेला रेणू निसटतो. समुद्राच्या १ लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी आटत साधारण दहावा हिस्सा उरलं की मीठ खाली बसू लागतं. पण जसजसं पाणी घट्ट होतं तसतसं त्यातून रेणू निसटणंही अवघड होतं, कारण मिठाचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, पाण्याच्या रेणूंना धरून ठेवतात. मीठ पूर्ण मुरलेल्या पाण्याची बाहेर पडण्याची धडपड त्याच तापमानाच्या शुद्ध पाण्याच्या फक्त ७५ टक्के राहते.

हा ७५ चा आकडा लक्षात ठेवा, कारण आपल्या घरातल्या बरणीचं कोडं त्यानेच सुटतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त मावेल त्याच्या किती टक्के वाफ आहे ते, ७५ टक्क्यांच्या खाली असेल तर खाऱ्या पाण्यातून पाणी हवेत जातं आणि मीठ उरतं. ती ७५ च्या वर गेली की प्रवास उलटा होतो: हवेतली वाफ मिठावर येऊन बसते आणि मिठाला पाणी सुटतं. मिठागरात जानेवारी ते मे काम चालतं आणि जूनमध्ये स्वयंपाकघरात मीठ पाझरायला लागतं, या दोन्हींमागे एकच सीमारेषा आहे. मिठागरात उन्हाची मदतही असते, कारण तापलेलं खारं पाणी वरच्या हवेपेक्षा गरम असतं. पावसाळ्यात मात्र आपल्याकडची आर्द्रता दिवसच्या दिवस ८५ च्या पुढे राहते. दहा फूट लांब, रुंद आणि उंच अशा बंद खोलीतल्या हवेत ३० अंशांना तेव्हा सुमारे पाऊण लिटर पाणी वाफ होऊन तरंगत असतं. बरणीला ते कुठून मिळालं हे शोधायला लांब जायला नको. गावठी मीठ पाकिटातल्या मिठाच्या आधी पाझरतं, कारण त्यात मॅग्नेशियम क्लोराइड राहिलेलं असतं, आणि ते तर ३३ टक्के आर्द्रतेलाच पाणी ओढू लागतं. स्थायू मीठ आणि वायुरूप वाफ, दोघं कोरडे, आणि त्यांच्या भेटीतून द्रव तयार होतो. यात तापमानाचा एक अंशही बदललेला नाही.

आता काजूची भाटी, म्हणजे बोंडांच्या रसापासून फेणी ही दारू गाळायची भट्टी. मार्च ते मे बोंडांचा हंगाम. फेणीबद्दल बोलताना एक समजूत वारंवार ऐकू येते: मद्यार्क ७८ अंशांना उकळतो आणि पाणी १०० ला, म्हणून आधी सगळा मद्यार्क निघून येतो आणि मग पाणी. असं होत नाही. हे दोन द्रव एकमेकांत मिसळले की ते मिश्रण मधल्याच एका तापमानाला उकळतं आणि वाफेत दोघंही असतात. फरक एवढाच की वाफेत मद्यार्काचं प्रमाण खालच्या रसापेक्षा जास्त असतं. ती वाफ थंड केली की हुर्राक, तशी सौम्यच. ती पुन्हा भाटीवर चढवली की प्रमाण आणखी वाढतं आणि फेणी होते. दुसऱ्यांदा गाळणं ही केवळ चाल नाही, मिश्रणाच्या वाफेचा स्वभावच ते मागतो. आणि कितीही वेळा गाळलं तरी वजनाने सुमारे ९५.६ टक्क्यांच्या पुढे साध्या ऊर्ध्वपातनाने जाता येत नाही, कारण तिथे वाफ आणि द्रव यांतलं प्रमाण सारखंच होतं.

भाटीवर सगळ्यात जास्त कष्ट मात्र आगीचे नसतात, ते थंड करण्याचे असतात. ३० अंशांचं १ किलो पाणी १०० अंशांवर आणायला सुमारे २९३ किलोज्यूल उष्णता लागते. त्याच पाण्याची त्याच १०० अंशांवर वाफ करायला आणखी २,२५७ किलोज्यूल, म्हणजे साडेसातपटीहून जास्त. तापमापक हलत नाही आणि उष्णता जाते कुठे, हा प्रश्न अठराव्या शतकात जोसेफ ब्लॅकला पडला आणि त्याने तिला सुप्त उष्णता म्हटलं. ती रेणूंची ओढ तोडण्यात खर्च होते. वाफ परत द्रव होते तेव्हा ती सगळी परत बाहेर येते. १ किलो पाण्याची वाफ पुन्हा द्रव करायची आणि थंडाईचं पाणी ३० वरून ६० अंशांपर्यंत तापू द्यायचं, तर असं १८ लिटर पाणी लागेल. मद्यार्काच्या वाफेला कमी लागतं, तरी भाटीवर पाणी का ओतत राहावं लागतं ते यावरून कळेल.

हाच हिशेब आभाळाला लावा. सह्याद्रीच्या अंगावर १ चौरस किलोमीटरमध्ये १ सेंटिमीटर पाऊस पडला म्हणजे १ कोटी लिटर पाणी. ही वाफ ढगात द्रव होताना जी उष्णता सुटते ती सुमारे ६८ लाख युनिट विजेइतकी. ही उष्णता ढगातली हवा आणखी वर ढकलते, खालून नवी दमट हवा ओढून घेते, आणि पाऊस लांबतो. मला मोसमी पावसाचं हे अंग सर्वांत जास्त विस्मयाचं वाटतं.

स्वयंपाकाच्या गॅसचं एका वाक्यात: सिलिंडरमध्ये १४.२ किलो आहे तो बहुतेक द्रव, केवळ दाबाने द्रव राहिलेला, आणि आतला दाब द्रव शिल्लक असेपर्यंत फारसा बदलत नाही, म्हणून किती उरला हे दाबावरून ओळखता येत नाही, वजनच करावं लागतं.

मग दाब वाढवत गेलं की कुठलाही वायू द्रव होईलच का? नाही. थॉमस अँड्र्यूजने १८६९ मध्ये दाखवलं की कार्बन डायऑक्साइड सुमारे ३१ अंशांच्या वर असेल तर कितीही दाबा, द्रवाचा थर दिसत नाही. या तापमानाजवळ पोचताना द्रव आणि वायू यांच्यातली रेषा पुसट होत जाते आणि ३१ अंशांना नाहीशी होते. पाण्यासाठी ही मर्यादा ३७४ अंश आणि हवेच्या दाबाच्या सुमारे २१८ पट अशी आहे. मघाशी चहाच्या वेळी एका विद्यार्थिनीने विचारलं की समुद्राच्या तळाशी ज्वालामुखी असतात तर तिथलं पाणी उकळत का नाही. समुद्रात दर १० मीटर खोलीला हवेच्या एका दाबाइतका दाब वाढतो. ३ किलोमीटर खाली तो ३०० पट होतो. तिथल्या काही झऱ्यांतून ४०० अंशांच्या आसपासचं पाणी वर येतं आणि त्यात बुडबुडे नसतात, कारण तिथे ते पाणी द्रव म्हणावं की वायू, हा भेदच जवळपास संपलेला असतो.