फोटो येत नाही, फोन तो आणायला जातो

श्रोतेहो, नमस्कार.

मेसेज आल्याची टिंग वाजते, पाठवणाऱ्याचा नंबर दिसतो, पण फोटोच्या जागी नुसतं 'डाउनलोड' लिहिलेलं असतं. कितीही दाबा, फोटो काही उघडत नाही. मग आपण म्हणतो, "रेंज नाही वाटतं." पण रेंज नसती तर ती टिंग तरी कशी वाजली असती? खरी गोष्ट अशी, की एमएमएसमधला, म्हणजे फोटो-आवाज धाडता येणाऱ्या मेसेजमधला फोटो आपल्याकडे थेट येतच नाही. येते ती फक्त वर्दी. फोटो आणायला आपल्या फोनलाच जावं लागतं.

असा द्राविडी प्राणायाम कशासाठी, ते कळायला आधी साधा एसएमएस बघू. ब्रिटनमध्ये ३ डिसेंबर १९९२ रोजी पहिला एसएमएस गेला. कॉल जोडण्यासाठी फोन आणि नेटवर्क यांच्यात जे निरोप चालू असतात, त्याच वाटेनं एसएमएस जातो. ही वाट अरुंद. एका खेपेला १४० बाइट, बस्स. त्यात इंग्रजीची १६० अक्षरं मावतात आणि मराठीची फक्त ७०. त्यातही काना, मात्रा, वेलांटी सगळं वेगळं मोजलं जातं. म्हणून तर दोन ओळी मराठीत लिहिल्या की एकाचे दोन मेसेज होतात. या वाटेनं १०० केबीचा, म्हणजे साधारण लाखभर बाइटचा एक फोटो न्यायचा म्हटला, तर सातशेहून जास्त एसएमएस लागतील.

तेव्हा फोटोला दुसरी वाट हवी होती, आणि ती जीपीआरएसनं, म्हणजे मोबाइल डेटानं दिली. मार्च २००२ मध्ये नॉर्वेच्या टेलेनॉर कंपनीनं ग्राहकांसाठी एमएमएस सुरू केलं. त्याच वर्षी नोकियाचा ७६५० हा कॅमेऱ्याचा फोन बाजारात आला. त्याचा फोटो ६४० बाय ४८० ठिपक्यांचा. आज हसू येईल, पण त्या काळी लोक तो फोन हातात घेऊन बघायला मागायचे.

आता पाठवणं कसं चालतं? आपल्याकडे एसटीनं पार्सल पाठवतात ना, तसंच. इकडे स्टँडवर पार्सल द्यायचं, तिकडच्या माणसाला फोन करून सांगायचं, आणि त्यानं स्टँडवर जाऊन ते सोडवून आणायचं. तुम्ही 'सेंड' दाबलंत की फोन आधी फोटो, मजकूर, आवाज यांचा एक गठ्ठा बांधतो. बांधणी थेट ईमेलसारखी. आधी काय दिसावं, किती सेकंद दिसावं, याची सूचनाही आत ठेवतो. हा गठ्ठा डेटाच्या वाटेनं तुमच्या कंपनीच्या एमएमएस केंद्रात जातो. केंद्र तुमच्या फोनला पोच देतं.

पलीकडचा माणूस दुसऱ्या कंपनीचा असेल, तर गठ्ठा त्या कंपनीच्या केंद्राकडे सरकवला जातो, तोही ईमेलचेच नियम पाळून. आपल्याकडे २०११ पासून नंबर तोच ठेवून देशभर कंपनी बदलता येते. त्यामुळे नुसत्या नंबरवरून कंपनी ओळखू येत नाही, केंद्राला आधी चौकशी करावी लागते.

मग निघते वर्दी. हा एक खास एसएमएस. तो आपल्याला वाचायला मिळत नाही, फोन स्वतःच वाचतो. कोणी पाठवलं, आकार किती, मुदत कधीपर्यंत आणि गठ्ठा कुठल्या पत्त्यावर ठेवलाय, एवढंच त्यात असतं. त्या पत्त्यावर जाऊन फोन फोटो उतरवून घेतो. म्हणजे वर्दी येते एसएमएसच्या वाटेनं आणि फोटो डेटाच्या. डेटा बंद असेल किंवा सेटिंग चुकलेलं असेल, तर टिंग वाजते आणि फोटो अडकतो. कित्येकदा घरचं वाय-फाय जोरात चालू असूनही उपयोग होत नाही, कारण केंद्र कंपनीच्या आतल्या जाळ्यात असतं.

केंद्राचं मला सर्वांत आवडणारं काम वेगळंच आहे. तुमचा फोन कोणता, त्याचा पडदा केवढा, काय उघडता येतं, हे केंद्र बघतं आणि तुमच्या फोनला पेलेल एवढा फोटो लहान करून देतं. फोनला एमएमएस कळतच नसेल, तर 'या वेबपत्त्यावर बघा' असा साधा मेसेज धाडतं. इतकी काळजी घेऊनही आपल्याकडे एमएमएस फार रुळलं नाही. प्रत्येक फोटोला वेगळे पैसे, सेटिंगची कटकट आणि बहुतेक ठिकाणी ३०० केबीच्या आसपासची मर्यादा. कोण करणार?

एक धोकाही होता. २०१५ च्या जुलैत अँड्रॉइडमधला 'स्टेजफ्राइट' नावाचा दोष उघड झाला. मुद्दाम बिघडवलेला व्हिडिओ एमएमएसनं धाडला, की फोन आपणहून तो उतरवून घ्यायचा आणि मालकानं काही न दाबताच फोनमध्ये शिरकाव शक्य व्हायचा. तो दोष पुढे दुरुस्त झाला. तरी मेसेजच्या सेटिंगमध्ये एमएमएस आपोआप उतरवण्याचा पर्याय दिसला, तर मी तो बंदच ठेवा म्हणेन.

आणि आपलं व्हॉट्सअॅप? तिथेही फोटो आधी सर्व्हरवर जातो, तुम्हाला त्याचा पत्ता मिळतो आणि तुमचा फोन तो आणतो. चाल तीच. फरक कुलपाचा. फोटो पाठवणाऱ्याच्या फोनमध्येच कुलूपबंद होतो आणि किल्ली निरोपाबरोबर फक्त तुमच्याकडे येते. सर्व्हरला आत काय आहे ते दिसत नाही, त्यामुळे एमएमएस केंद्रासारखा फोटो लहान करून देणंही त्याला जमत नाही. ते काम पाठवणाऱ्याच्या फोनलाच, कुलूप लावायच्या आधी उरकावं लागतं.

नमस्कार.