नळ कोरडा, पागोळ्या वाहत्या

श्रोतेहो, नमस्कार.

तारीख 15 ऑगस्ट 2019. स्वातंत्र्यदिन आणि राखीपौर्णिमा एकाच दिवशी आलेली, चतुर्थी अठरा दिवसांवर. पाऊस ऐन भरात. आणि आपल्या गोव्यात, फोंड्याजवळ कुर्टी-खांडेपारला महामार्गाच्या कामाजवळ जमीन खचली, ओप्याच्या जलशुद्धीकरण प्रकल्पातून पणजीकडे येणाऱ्या मोठ्या जलवाहिन्या फुटल्या. सगळी पणजी, तिसवाडी आणि फोंड्याचाही काही भाग काही दिवस पाण्यावाचून राहिला. चित्र डोळ्यांसमोर आणा. बाहेर कौलांवरून पागोळ्या लागल्यात, अंगणात पाणी साचलंय, आणि स्वयंपाकघरातला नळ सोडला तर नुसती हवा फुसफुसते. भर श्रावणात लोक घागरी घेऊन टँकरची वाट बघतायत.

आता घराघरांत पाणी संपतं कसं, ते बघा. गच्चीवर 500 लिटरची टाकी, घरात चार माणसं. शौचालयात एकदा पाणी सोडलं की आठ ते दहा लिटर जातं. चार माणसं, दिवसाला पाच-पाच वेळा, म्हणजे जवळजवळ 200 लिटर तिथेच. त्यात आंघोळी धरा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टाकीचा तळ दिसतो, आणि पिण्याचं पाणीही त्याच टाकीतलं असल्यामुळे तेही संपतं. म्हणून पहिली गोष्ट, आणि ती पुन्हा सांगणार आहे: पिण्याचं वेगळं, वापराचं वेगळं.

पिण्याला आणि रांधायला माणशी दिवसाला चार लिटर धरा. पाच माणसं, तीन दिवस: 60 लिटर. म्हणजे 20 लिटरचे तीन कॅन. याहून मोठा कॅन घेऊ नका. 20 लिटर म्हणजे 20 किलो. घरातल्या आजीला तो उचलता नाही आला तरी तिरका करून ओतता यायला हवा. खाण्याच्या वस्तूंसाठीचं प्लास्टिकच घ्या. रंगाचा किंवा फिनेलचा डबा कितीही धुतला तरी नको. कॅनवर भरल्याची तारीख लिहा आणि महिन्याकाठी पाणी बदला. जुनं पाणी झाडांना घाला, वाया जात नाही.

आपल्याकडे मे महिन्यात पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्यासाठीचा साठा, भरायची रीत आहे. सुकी मासळी, सोलां म्हणजे आमसुलं, तांदूळ, चुलीला लाकडं. पावसात वाट बंद होणार हे धरूनच ती पिढी चालायची. आजकाल घर बांधताना सगळ्यात आधी विहीर बुजवतात, तिथे गाडी लावायला जागा करतात. ते चुकतंय, असं माझं स्पष्ट मत आहे. विहिरीला वीज लागत नाही. असो.

विजेवरून आठवलं. मे 2021 मध्ये तौक्ते वादळात झाडं तारांवर पडली, वीज गेली, आणि पंप थांबल्यामुळे कित्येक ठिकाणी पाणीही गेलं. घराखालच्या टाकीत 2,000 लिटर असेल, पण वर चढवणार कोण? इन्व्हर्टर पंखा आणि दिवे चालवतो. पंप मात्र सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट करंट ओढतो आणि इन्व्हर्टर बंद पडतो. म्हणून झाकणाजवळ एक बादली आणि पुरेशी लांब दोरी टांगून ठेवा. बादली आणि दोरी. झाकणावर कुंड्या मांडू नका. आणि झाकणाची कडा अंगणापेक्षा वीतभर उंच हवी, नाहीतर पहिल्याच पुरात गटाराचं पाणी आत.

पूर ओसरल्यावर विहिरीचं काय करायचं, हे नीट ऐका. लगेच पूर्ण उपसू नका. भोवतालची माती चिंब असते. आतलं पाणी गेलं की तिचा दाब चिऱ्यांवर येतो आणि कठडा आत ढासळतो. दोन-चार दिवस गढूळ बसू द्या. मग हिशेब करा. विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजा, त्याला त्यानेच गुणा, मग पाण्याच्या खोलीने गुणा, मग 785 ने. आले लिटर. दोन मीटर व्यास, चार मीटर पाणी: साधारण 12,500 लिटर. दर हजार लिटरला चांगली ब्लीचिंग पावडर अडीच ग्रॅम, म्हणजे इथे तीसेक ग्रॅम. पावडर बादलीत थोड्या पाण्यात कालवा, मग बादली पाऊण भरा, ढवळा, दहा मिनिटं ठेवा. खाली चुना बसेल. तो विहिरीत टाकायचा नाही, त्याने पाणी जड होतं. वरची निवळी दुसऱ्या बादलीत ओता, ती विहिरीत सोडा आणि वर-खाली करून ढवळा. निदान एक तास थांबा. तरीही पुरानंतरचे काही आठवडे पिण्याचं पाणी उकळूनच घ्या, कारण चिऱ्याच्या जमिनीतून संडासाच्या टाकीचं पाणी विहिरीकडे झिरपतं. आणि पावडरीचा डबा घट्ट बंद हवा. आपल्या दमट हवेत उघडी राहिली की तिचा वास जातो, आणि वासाबरोबर गुणही.

गॅसचा सिलिंडर. भरलेला जड वाटतो, पण पुरात तोही तरंगतो. 14.2 किलो गॅस, साधारण तेवढंच लोखंड, एकूण तीसेक किलो. आणि तो बाजूला सारतो ते पाणी त्याहून जड. पाणी उंबऱ्याला लागायच्या आधी रेग्युलेटर काढा, टोपी लावा, सिलिंडर खिडकीच्या गजाला दोरीने बांधा. मेन स्विच कोरड्या पायांनी, पाणी आत शिरण्याआधीच बंद करा. कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत घालून वरच्या फळीवर ठेवा, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

मदतीसाठी 112, रुग्णवाहिकेसाठी 108. हे दोन आकडे कॅनवर तारखेच्या खालीच लिहा. मोबाइलची बॅटरी संपली तरी शेजाऱ्याच्या फोनवरून लावता येतील. आणि पुन्हा एकदा: पिण्याचं वेगळं, वापराचं वेगळं. नमस्कार.