घटनादुरुस्ती : मतं मिळूनही विधेयक पडतं ते का?

५ सप्टेंबर १९७०, राज्यसभा. माजी संस्थानिकांचे तनखे बंद करणारं घटनादुरुस्ती विधेयक मताला आलं. बाजूनं १४९, विरोधात ७५. साध्या कायद्याला एका मताचं आधिक्य पुरलं असतं. पण इथे मतदान केलेल्या २२४ जणांचे दोन-तृतीयांश हवे होते, म्हणजे १४९ पूर्णांक एक-तृतीयांश. विधेयक पडलं. तनखे बंद झाले ते पुढच्या वर्षी, २६व्या दुरुस्तीनं.

हा हिशेब येतो संविधानाच्या कलम ३६८ मधून, घटनादुरुस्तीची पद्धत सांगणाऱ्या कलमातून. विधेयक कोणत्याही सभागृहात मांडता येतं, राष्ट्रपतींची पूर्वसंमती लागत नाही. कस लागतो मतदानात, कारण अटी दोन आहेत आणि दोन्ही एकाच वेळी पुऱ्या व्हाव्या लागतात: सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचं बहुमत, आणि हजर राहून मत देणाऱ्यांचं दोन-तृतीयांश.

लोकसभा घ्या. जागा ५४३, त्यामुळे पहिल्या अटीसाठी २७२ मतं हवीतच. रिकाम्या जागाही या संख्येत धरतात. समजा ३९० जणांनीच मत दिलं. दोन-तृतीयांश होतात २६०. पण बाजूनं २६५ पडली तरी विधेयक नामंजूर. उलट ५४० जणांनी मत दिलं, तर २७२ वर भागत नाही, ३६० लागतात. तटस्थ राहणारा दोन-तृतीयांशाच्या हिशेबात येतच नाही. म्हणून विरोधकांचा सभात्याग बऱ्याचदा सरकारच्या पथ्यावर पडतो! आणि हे बहुमत फक्त शेवटच्या मतदानाला लागतं असंही नाही. विधेयकाचा एकेक खंड याच बहुमतानं संमत करावा लागतो.

दोन सभागृहांत मतभेद झाला, तर साध्या विधेयकासाठी संयुक्त बैठकीची वाट असते. घटनादुरुस्तीला ती नाही. राष्ट्रपतींना मात्र १९७१च्या २४व्या दुरुस्तीपासून संमती नाकारता येत नाही.

काही विषयांत संसद एकटी पुरत नाही. राष्ट्रपतींची निवडणूक, केंद्र-राज्य अधिकारांची वाटणी, सर्वोच्च आणि उच्च न्यायालयं, संसदेतलं राज्यांचं प्रतिनिधित्व, आणि खुद्द कलम ३६८. इथे किमान निम्म्या राज्यांच्या विधानमंडळांनी अनुसमर्थनाचा, म्हणजे दुरुस्तीला मान्यता देणारा ठराव करावा लागतो. तिथे साधं बहुमत चालतं.

ही पायरी गाळली की काय होतं, ते ९७व्या दुरुस्तीत दिसलं. २०११ साली तिनं सहकारी संस्थांसाठी संविधानात नवा भाग घातला: संचालकांची संख्या, निवडणुका, लेखापरीक्षण. पण सहकार हा राज्यसूचीतला, म्हणजे राज्यांनी कायदे करायचा विषय, आणि राज्यांचं अनुसमर्थन घेतलंच नव्हतं. जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राज्यांतल्या सहकारी संस्थांपुरता तो भाग रद्द ठरवला. बहुराज्यीय संस्थांपुरता तो टिकला.

सगळे आकडे जुळले तरी एक परीक्षा उरतेच. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात १३ न्यायाधीशांच्या पीठानं सात विरुद्ध सहा असा निकाल दिला: संसद कोणतंही कलम बदलू शकते, पण संविधानाची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. या चौकटीत काय काय येतं याची पक्की यादी न्यायालयानं मुद्दामच केलेली नाही. एकेका खटल्यात ते ठरत जातं. न्यायाधीशांच्या नेमणुकांसाठी आयोग आणणाऱ्या ९९व्या दुरुस्तीला दोन-तृतीयांश मतं मिळाली होती, निम्म्याहून अधिक राज्यांची मान्यता होती, राष्ट्रपतींची सहीही झाली होती. ऑक्टोबर २०१५ मध्ये ती चार विरुद्ध एक मतानं रद्द झाली. कारण दिलं न्यायपालिकेच्या स्वातंत्र्याचं, आणि नेमणुका पुन्हा कॉलेजियमकडे, म्हणजे ज्येष्ठ न्यायाधीशांच्या गटाकडे गेल्या.