जुनी स्पोर्ट्स कार हाती घेताना

नमस्कार मंडळी. तुमच्यापैकी काहींनी जुनी स्पोर्ट्स कार घेतली आहे, काहींचा विचार चालू आहे. आज मी नवशिक्यांसाठी बोलणार आहे, म्हणून सर्वांत महत्त्वाचं आधीच सांगून टाकतो. माझ्या पाहण्यात ज्या गाड्या वर्षानुवर्षं अर्धवट पडून राहिल्या, त्यांतल्या बहुतेक पहिल्याच महिन्यात पूर्ण खोलल्या गेल्या होत्या. मालक हौशी होता, मेहनती होता, हात चांगला होता. पण गाडी सुटी झाली आणि तिथून पुढे काम सरेना.

याचं कारण समजून घ्या. जोडलेली गाडी स्वतःच तुम्हाला माहिती देत असते. कोणता पाइप कुठून जातो, दाराच्या बिजागरीखाली किती पत्र्या आहेत, वायरिंगचा जुडगा कोणत्या क्लिपेत अडकवला आहे, हे सगळं तिथल्या तिथे दिसतं. सहा महिन्यांनी खोक्यातून काढलेला भाग यातलं काहीच सांगत नाही. म्हणून एका वेळी एकच काम हाती घ्या. ब्रेक खोलले तर ब्रेक पूर्ण करा, गाडी चाकांवर उभी करा, मग कूलिंगकडे वळा. प्रत्येक भाग काढण्याआधी फोटो घ्या, तोही जवळून एक आणि लांबून एक. नट-बोल्ट पिशवीत घालून चिठ्ठी लावा. जुना भाग फेकू नका; नवा आणल्यावर शेजारी ठेवून ताडून पाहा आणि नवा नीट बसला की मगच जुन्याचं काय ते ठरवा.

या नियमाला अपवाद एकच, तो म्हणजे भार पेलणाऱ्या पत्र्याला लागलेला गंज. इथे मी जरा थांबणार आहे, कारण गाडी घेताना होणारी सर्वांत महाग चूक इथेच होते. लोक इंजिनाचा आवाज ऐकतात, रंगाची चमक पाहतात. इंजिन दुरुस्त होतं, त्याचे भागही मिळतात. गाडी विकत घ्यायची की नाही, हे पत्र्यावर ठरवा.

एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचंच उदाहरण घेऊ. 1962 ते 1980 या काळात या गाड्या पाच लाखांहून जास्त निघाल्या. नवशिक्याला मी बहुधा हीच सुचवतो, कारण हिचा जवळजवळ प्रत्येक भाग आजही मिळतो; 1988 पासून तर तिची कोरी बॉडीसुद्धा पुन्हा तयार होऊ लागली. हिला वेगळी चासी, म्हणजे बॉडीखालचा लोखंडी सांगाडा, नाही. उघडी गाडी, म्हणजे डोक्यावर छत नाही, त्यामुळे पुढचा आणि मागचा भाग एकत्र धरून ठेवायचं बरंचसं काम दारांखालच्या सिलवर येतं. घराच्या तुळईइतकंच त्याचं महत्त्व आहे. हे सिल बाहेरून एक पट्टी दिसतं, पण आत पत्र्याचे थर असतात आणि त्याची टोकं पुढच्या विंगखाली, म्हणजे मडगार्डखाली, व मागच्या पत्र्याआड शिरलेली असतात. गंज आतून सुरू होतो. विकणारा कधीकधी सडलेल्या सिलवरच नवा पत्रा चढवतो, वर पुट्टी आणि रंग. म्हणून लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे पुट्टी आहे. मग पुढून जॅक लावून गाडी थोडी उचला आणि दार उघडून-मिटून पाहा. दाराची फट बदलली, दार घासायला लागलं, तर बॉडी वाकते आहे.

सिल बदलायचं ठरलं तर कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडव्या-तिरक्या लोखंडी पट्ट्या वेल्ड करून चौकट जखडून घ्या. एका वेळी एकच बाजू कापा. दार पुन्हापुन्हा टांगून फट तपासा आणि पूर्ण वेल्डिंगच्या आधी नुसते टाके मारून ठेवा. हे केलं नाही तर बॉडी खाली बसते, आणि तशीच वेल्ड झाली की दारं पुन्हा कधीच बरोबर लागत नाहीत.

दुसऱ्या गाड्यांत असं नसतं. ट्रायम्फ स्पिटफायरची चासी वेगळी आहे, लोटस एलानची बॉडी फायबरग्लासची आणि खाली पोलादी कणा. तिथे तपासायच्या जागा बदलतात. फायबरग्लास गंजत नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, त्याखालचा कणा पाहा.

वेल्डिंगपाशी आलोच आहे तर सुरक्षेचं सांगतो, आणि यात कुठलीही तडजोड मला मान्य नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका, स्टँड लावा. पेट्रोलच्या टाकीला घरी वेल्डिंग करू नका. रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा धोक्याची, कारण आत वाफ असते. क्लोरीन असलेल्या ब्रेक क्लीनरने पुसलेल्या पत्र्यावर वेल्डिंग केलं तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. जुन्या ब्रेक लायनरमध्ये आणि क्लच प्लेटमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, तेव्हा ती धूळ हवेच्या दाबाने उडवू नका. ओल्या फडक्याने टिपून घ्या.

बराच काळ उभी असलेली गाडी आणली की चावी फिरवायचा मोह आवरा. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, एक-दोन दिवस मुरू द्या आणि मग पान्याने इंजिन हाताने फिरवून पाहा. मोकळं फिरलं तर ऑइल बदला आणि प्लग न लावताच स्टार्टर मारून ऑइलचा दाब येऊ द्या. इंजिन चालू झाल्यावर, ते गरम असताना कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजा. आकडा किती यापेक्षा चारही आकडे एकमेकांजवळ आहेत का, ते पाहा; साधारण 10 टक्क्यांच्या आत फरक असेल तर चिंता नाही. एखादा सिलिंडर कमी दाखवत असेल तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. दाब वाढला तर रिंग झिजल्या आहेत, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. एवढ्या तपासणीवर इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, उतरवायचं की नाही ते कळतं.

गाडी सुरू झाली तरी लगेच रस्त्यावर नेऊ नका, आधी ब्रेक. ग्लायकॉलचं ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट 4 प्रतीचं ताजं ऑइल किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर ही मर्यादा 155 पर्यंत खाली येऊ शकते, शिवाय तेच पाणी ब्रेकचे सिलिंडर आतून गंजवतं. रबरी होज बाहेरून चांगले दिसतात आणि आतून फुगून बंद झालेले असतात. पाय काढल्यावरही एक चाक धरून राहत असेल तर कॅलिपर खोलण्याआधी होज बदला. आणखी एक: डॉट 5 हे सिलिकॉनचं आणि डॉट 5.1 हे ग्लायकॉलचं. आकडा जवळचा म्हणून एकात दुसरं मिसळू नका. टायरची नक्षी शिल्लक असली तरी बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचा: 2319 म्हणजे 2019 सालचा 23वा आठवडा.

रंगाबद्दल थोडक्यात. रंग शेवटी. गाडी काही महिने चालवून, काय काय पुन्हा खोलावं लागतं ते कळल्यावर.

आता मॉडिफिकेशन, ज्यासाठी तरुण मंडळी आली आहेत. गाडी मूळ स्थितीत नीट चालत नसेल तर तिच्यात बदल करू नका. टायमिंग चुकलेलं, कार्बोरेटरच्या शाफ्टमधून हवा खेचणारं इंजिन असेल आणि त्यावर तुम्ही मोठे वेबर कार्बोरेटर चढवले, तर दोष जुना की नवा हे तुम्हालाच कळणार नाही. शिवाय साध्या हेडवर आणि साध्या कॅमवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) फार मोठा कार्बोरेटर लावला की कमी आरपीएमला हवेचा वेग पडतो आणि गाडी मूळच्यापेक्षा मंद होते. आधी सस्पेन्शनचे रबरी बुश, शॉक अॅब्सॉर्बर, टायर, ब्रेक पॅड आणि रेडिएटर. नवे बुश घातलेली ९५ हॉर्सपॉवरची एमजीबी चालवून पाहा. पुष्कळांची जास्त ताकदीची मागणी तिथेच मिटते.

मग कुठला बदल करावा? माझी कसोटी अशी की कारखान्याने त्याच गाडीच्या पुढच्या मॉडेलात जो बदल केला, तो आधी करा. एमजीबीच्या इंजिनाला 1964 मध्ये तीनाऐवजी पाच मेन बेअरिंग आले, 1967 मध्ये डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर आला. स्पिटफायरच्या मागच्या सस्पेन्शनमध्ये वळणावर चाक आत दुमडायची खोड होती. 1970 च्या मार्क फोरमध्ये स्प्रिंगची रचना बदलून ती बरीच आवरली. या बदलांची परीक्षा होऊन गेलेली आहे आणि भागही ठाऊक आहेत. मात्र 1967 पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असतो. अल्टरनेटर किंवा इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावण्याआधी अर्थिंग कुठलं ते तपासा, नाहीतर नवा भाग पहिल्याच क्षणी जळेल. हेडलाइटला रिले आणि फ्यूज जरूर लावा.

जे कराल ते परत फिरवता येईल असं करा. मूळ पत्रा कापू नका, असलेल्या भोकांतच ब्रॅकेट बसवा, काढलेले भाग जपून ठेवा. जुन्या वाहनांची जागतिक संघटना फिवा हिच्या ट्युरिन सनदेतही गाडीचा मूळ ऐवज राखण्यावर भर आहे, आणि मला तो पटतो. तुमच्यानंतरही ही गाडी कोणीतरी चालवणार आहे.

शेवटचं, ज्यांनी इंजिन पूर्ण बांधून घेतलं आहे त्यांच्यासाठी. नवा कॅम आणि त्यावर घासणारे नवे टॅपेट असतील तर जोडताना असेंब्ली लुब, म्हणजे जोडणीचं घट्ट वंगण, लावा आणि झिंक असलेलं ऑइल भरा. इंजिन सुरू होताच ते आयडलवर सोडू नका. साधारण 2000 आरपीएमला 20 मिनिटं चालवा. या इंजिनांत कॅमच्या लोबना, म्हणजे उंचवट्यांना, मुख्यतः उडणाऱ्या ऑइलवर भागवावं लागतं आणि कमी आरपीएमला ते पुरेसं उडत नाही. म्हणून टायमिंग आधीच बसवून घ्या, कार्बोरेटरमध्ये पेट्रोल भरून ठेवा, रेडिएटरमधली हवा काढा. पहिल्या प्रयत्नात सुरू व्हायला हवं. त्यानंतर ऑइल आणि फिल्टर बदला, मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तर हेडचे नट थंड इंजिनावर पुन्हा टॉर्कला आवळा, मग टॅपेटची फट तपासा. आता तुमचे प्रश्न घेऊ.