दारू उतरल्यानंतरचा उंदीर

शेपटीला धरून वर उचललेला हा छोटा उंदीर पाहा. एरवी तो नुसता धडपडला असता. आत्ता त्याचं अंग ताठ होतंय आणि हलकी गिरकी देताच त्याला झटका येतोय. त्याच्या रक्तात दारू उरलेली नाही, आणि झटका येतोय तो त्यामुळेच.

झटक्यांची तीव्रता मोजायची ही रीत डोरा गोल्डस्टीन यांनी १९७१ साली मांडली. उंदरांना दारूची सवय लावणं सोपं नसतं. बहुतेक उंदीर ती आपणहून पुरेशी पीत नाहीत आणि प्यायलेली झपाट्यानं पचवतात. म्हणून त्यांना दारूची वाफ भरलेल्या पेटीत तीन दिवस ठेवलं. जोडीला पायराझोल दिलं, म्हणजे दारूचं विघटन मंदावतं. बाहेर काढल्यावर काही तासांतच विड्रॉवल, म्हणजे सवयीची दारू तुटल्यावर होणारा त्रास, सुरू झाला.

दारू मेंदूतल्या गाबा या रसायनाचा शांतवणारा परिणाम वाढवते आणि ग्लुटामेट या दुसऱ्या रसायनाचं उद्दीपन दाबते. मेंदू हळूहळू उलट्या दिशेनं जोर लावायला शिकतो. दारू एकदम थांबली तरी तो जोर ओसरायला वेळ लागतो.

झटका डोळ्यांना दिसतो. भीतीचं काय? त्यासाठी जमिनीपासून साधारण अर्धा मीटर उंचीवर अधिकच्या चिन्हासारखा मार्ग असतो; दोन फाटे भिंतींचे, दोन उघडे. विड्रॉवलमधला रॅट (मोठ्या जातीचा उंदीर) उघड्या फाट्यांवर जायचं टाळतो. चिंता वाढली, असं म्हणून मोकळं व्हायचा मोह होतो. पण हा प्राणी मुळात हलतोच कमी! भिंतींच्या फाट्यांतल्या त्याच्या फेऱ्याही मोजल्याशिवाय या आकड्यांवर विश्वास ठेवू नये.

आवाज त्या मानानं बरा साक्षीदार. अंगावर हवेचा झोत सोडला की रॅट सुमारे २२ किलोहर्ट्झचा, आपल्याला ऐकू न येणारा आवाज काढतात. विड्रॉवलमध्ये तो वाढतो.

सगळ्यात अस्वस्थ करणारा निष्कर्ष मात्र वाफेच्या पेटीतूनच आला. काही उंदरांना सलग वाफ दिली, काहींना तितकेच तास, पण मध्ये खंड पाडून. शेवटच्या विड्रॉवलमध्ये खंड पडलेल्यांचे झटके जास्त तीव्र होते. पुढच्या प्रयोगांत, मुळातच दारू पिणाऱ्या जातीच्या उंदरांना अशा फेऱ्यांतून नेलं. नंतर बाटली समोर ठेवल्यावर ते पूर्वीपेक्षा जास्त पिऊ लागले.