स्लॅबवरचं वीजघर

(दृश्य : ड्रोनमधून गाव. ओळीत बसवलेली एकसारखी घरं.)

लातूर जिल्हा, औसा तालुका. रस्ते पट्टी लावून आखलेले, घरांच्या ओळी सरळ. हे गाव मुळात इथं नव्हतं. ३० सप्टेंबर १९९३. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा पट्टा हादरला. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांच्यावरची जड माळवदं झोपलेल्या माणसांवर आली. पुढं लातूर आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यातली ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. ज्याची जमीन जेवढी, त्यावर त्याचं घर ठरलं : २५० चौरस फूट, ४५० किंवा ७५०. माळवदाच्या जागी सिमेंटचा स्लॅब आला.

असाच हा ४५० फुटांचा एक स्लॅब. त्यावर दोन रांगांत १० सौर पॅनेल. पुढची ६ प्रत्येकी ३३५ वॅटची, मागची ४ प्रत्येकी ५४० वॅटची. बेरीज ४ किलोवॅटच्या थोडी वर जाते. ही वीज घरात वापरली जाते आणि उरलेली महावितरणच्या तारेवर जाते. हा संच उभा केला घरातल्याच दोघांनी, बाप आणि लेकीनं. तो वाढवलाही त्यांनीच.

(दृश्य : रिवाइंडिंगचं दुकान. तांब्याच्या तारेची वेटोळी, उघडलेली पाणबुडी मोटार.)

वडिलांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. गाव त्यांना मिस्त्री म्हणतं. डीपीवरून, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरवरून, कमी दाबानं वीज आली की विहिरीवरच्या मोटारी जळतात, आणि जळालेली मोटार मिस्त्रींच्या टेबलावर येते. तांबं, वार्निश आणि विजेचा दाब यांच्याशी त्यांचं नातं जुनं आहे. मुलगी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करते. तिनं वाचायचं आणि त्यांनी हातानं तपासायचं, अशी ही जोडी.

या पट्ट्यातल्या माणसाला छतावर काय चढवायचं हे दोनदा विचारावं लागतं. पहिला निर्णय तोच होता : स्लॅबला एकही भोक पाडायचं नाही. तीसेक वर्षांच्या स्लॅबला ड्रिल मारलं की पावसाळ्यात पाणी आत उतरतं, सळई गंजते आणि स्लॅब फुगतो. म्हणून त्यांनी काँक्रीटचे ठोकळे ओतले. ठोकळे कुठं ठेवलेत ते नीट पाहा. ते खालच्या भिंतींच्या रेषेवर आहेत. पॅनेलचं, लोखंडाचं आणि ठोकळ्यांचं वजन भिंतीवरून थेट पायात उतरतं. स्लॅबच्या पोटावर भार नाही.

ठोकळे जड ठेवलेत ते वळवाच्या वाऱ्यासाठी. एप्रिल-मे महिन्यातल्या त्या वावटळी पत्रे उचलून शेजारच्या रानात टाकतात. वारा पॅनेलला वरून दाबतो आणि खालून उचलतोही, आणि संच जातो तो उचलण्यानं.

सांगाडा गॅल्वनाइज्ड लोखंडाचा आहे आणि सगळा नट-बोल्टवर बांधलेला. वेल्डिंग कुठंच नाही. वेल्डिंग केलं की जस्ताचा थर जळतो आणि नेमका सांधाच गंजायला लागतो. तोंड दक्षिणेला, उतार १८ अंशांचा, कारण आपला अक्षांश तेवढाच आहे. सूर्य वर्षभर ज्या उंचीवर फिरतो, त्याच्याशी हा उतार जुळतो.

(दृश्य, जवळून : मिस्त्रींचे हात. काळी तार, स्ट्रिपर, चकाकती पिन.)

आता हे हात पाहा. ही डीसी बाजूची, म्हणजे पॅनेलकडून इन्व्हर्टरकडं जाणारी, ४ चौरस मिलिमीटरची सोलर केबल आहे, कल्हई केलेल्या तांब्याची. उन्हात राहून फाटू नये म्हणून हिला वेगळं आवरण असतं. टोकाचं जेमतेम ७ मिलिमीटर सोलायचं आणि एकही बारीक तार तुटू द्यायची नाही. पिन सरकवायची, क्रिंपिंगच्या पकडीत धरायची आणि पकड स्वतःहून सुटेपर्यंत दाबायची. मग ओढून बघायचं. मिस्त्री प्रत्येक पिन ओढून बघतात, आणि नुसतं बोटानं चाचपून न थांबता चांगला हिसका देतात. त्यानंतर पिन एमसी-४ च्या, म्हणजे सोलरच्या तारा जोडायच्या, टोपणात जाते आणि टक् असा आवाज येतो.

(ध्वनी : टक्.)

छतावरच्या आगी पुष्कळदा सुरू होतात त्या असल्या एखाद्या ढिल्या सांध्यातून. साध्या पक्कडीनं चेपलेली पिन पहिल्या दिवशी बरोबर चालते. उन्हाळ्यात तापते, हिवाळ्यात आकसते, सैल होते. सैल जागी प्रतिकार वाढतो, प्रतिकारानं उष्णता वाढते, आणि एक दिवस टोपण वितळतं. ज्यानं आयुष्यभर जळालेल्या मोटारी उघडून पाहिल्या, त्याला हे कुणी शिकवावं लागलं नाही.

शिकावं लागलं ते डीसीचं. घरातली एसी वीज सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते, त्यामुळं ठिणगी पडली तरी तुटायला तिला संधी मिळते. डीसी शून्यावर येतच नाही. भर उन्हात, चालू भारावर एमसी-४ चं टोपण ओढलं, तर दोन टोकांच्या मध्ये जाळाची कमान धरते आणि ती विझत नाही. म्हणून क्रम ठरलेला : आधी एसीचा एमसीबी पाडायचा, मग डीसीचा आयसोलेटर, म्हणजे पॅनेलची वीज तोडणारा स्विच, फिरवायचा, मग क्लॅम्प मीटरनं प्रवाह शून्य झाल्याची खात्री करायची, आणि त्यानंतरच टोपणाला हात. हा क्रम मुलीनं पुठ्ठ्यावर लिहून इन्व्हर्टरशेजारी, म्हणजे डीसीची एसी करणाऱ्या पेटीशेजारी, लावलाय.

(दृश्य : जानेवारीची सकाळ. मल्टिमीटरचा आकडा. नंतर दुपार, तीच तार.)

सकाळचे आठ. अंगावर स्वेटर. एकापुढं एक जोडलेल्या सहा पॅनेलच्या माळेचा दाब मीटरवर २८५ व्होल्ट. दुपारी दोनला त्याच तारेवर २५१. बिघाड काही नाही. पॅनेल जेवढं थंड, तेवढा त्याचा दाब जास्त. पॅनेलमागं छापलेला आकडा २५ अंश तापमानाचा असतो. आपल्याकडं परभणीत डिसेंबर-जानेवारीत पारा कधी कधी ५ अंशांच्याही खाली जातो. तेव्हा माळेत किती पॅनेल बसतील याचा हिशेब वर्षातल्या सगळ्यात थंड सकाळी करायचा. इन्व्हर्टरची दाबाची मर्यादा ओलांडली, तर तो त्या सकाळीच जातो.

उलट बाजूही आहे. एप्रिलमध्ये ऊन भरपूर, म्हणून वीजही भरपूर असेल असं वाटतं. पण ४२ अंशांच्या दुपारी पॅनेलचं अंग ६५ अंशांपर्यंत तापतं. २५ च्या वरच्या प्रत्येक अंशाला साधारण ०.३५ टक्के ताकद कमी होते. ४० अंश वर, म्हणजे १४ टक्के गेले. म्हणूनच पॅनेल स्लॅबला चिकटवलेले नाहीत, खालून वारा खेळायला हातभर जागा सोडलीय.

(दृश्य : इन्व्हर्टरचा पडदा. अचानक लाल दिवा. घरातला पंखा थांबतो.)

भर दुपारी लाईट गेली. वर ऊन आहे, पॅनेल धडधाकट आहेत, तरी घरातला पंखा बंद. गावात सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच : सोलर असून लाईट का जाते?

(मुलगी, कॅमेऱ्याशी)
"आता खांबावर लाईनमन काका चढलेले असतील. त्यांनी डीपीवरून लाईन बंद केलीय. त्या वक्ताला आपल्या स्लॅबवरून वीज तारेवर गेली तर त्यांचा जीव जाईल. म्हणून इन्व्हर्टर सोताच बंद होतो."

नियम २ सेकंदांचा आहे. तारेवरची वीज गेली की तेवढ्या वेळात इन्व्हर्टरनं सुटायचं. वीज परत आली, तरी ६० सेकंद ती स्थिर आहे का ते पाहायचं आणि मगच जोडायचं. पडद्यावर उलटे आकडे पडताहेत ते हेच. ज्यांना लाईट गेल्यावरही पंखा हवा, त्यांना बॅटरी आणि हायब्रीड इन्व्हर्टर लागतो. तो खर्च वेगळा आणि विचारही वेगळा.

आता वाढवण्याचं काम. आमच्या मते या सगळ्या गोष्टीचा गाभा इथं आहे. आज तीनच पॅनेल परवडतात म्हणून थांबलेली घरं मराठवाड्यात जागोजागी आहेत. कापूस किंवा सोयाबीनचे पैसे हाती आले की पुढचं पाऊल, अशीच आपल्याकडची घरं उभी राहिलीत. सौरसंचही तसाच टप्प्याटप्प्यानं उभा राहू शकतो. अट एकच : पहिल्या दिवशीच पुढच्या टप्प्याची जागा राखली पाहिजे.

मिस्त्रींनी ती राखली होती. पहिल्या वेळी २ किलोवॅटचेच पॅनेल होते, पण इन्व्हर्टर ४ किलोवॅटचा आणि दोन एमपीपीटींचा घेतला. एमपीपीटी म्हणजे माळेतून जास्तीत जास्त ताकद काढून घेणारा इन्व्हर्टरमधला भाग. दोन असले की दोन वेगळ्या माळा घ्यायची सोय. पाण्याची टाकी तेव्हाच ईशान्येच्या कोपऱ्यात सरकवली. मागच्या रांगेसाठी मोकळी पट्टी सोडली, तीही पुढच्या रांगेची डिसेंबरातली लांब सावली मोजून.

दोन माळा का लागल्या? जुनं ३३५ वॅटचं पॅनेल ९ अँपियरच्या आसपास चालतं, नवं ५४० वॅटचं १३ च्या. दोन्ही एकाच माळेत ओवली, तर नव्यालाही ९ वरच चालावं लागतं. तिफणीला एक दमदार बैल आणि एक थकलेला बैल जुंपला, तर तिफण थकलेल्याच्याच चालीनं जाते. जुनी सहा एका एमपीपीटीवर, नवी चार दुसऱ्यावर : प्रत्येक माळ आपापल्या चालीनं.

(दृश्य : बाप-लेक नवं पॅनेल शिडीवरून वर चढवताना. २८ किलोंची काच.)

"माय, प्लस कोणता गं?"
"लाल, पप्पा. थांबा, मीटर लावू द्या."

एसी बाजूची तारही बदलली. आधीची ४ चौरस मिलिमीटरची काढून १० ची टाकली. हे घर डीपीपासून लांब, लाईनच्या शेपटीला आहे. दुपारी घरातून वीज बाहेर जाते तेव्हा घराच्या टोकाला दाब चढतो. २५३ व्होल्टच्या वर गेला की इन्व्हर्टर सुटतो, आणि ऐन उन्हाची कमाई जाते. जाड तारेत दाब कमी चढतो.

तीन अर्थिंगचे खड्डे आहेत : पॅनेल-सांगाड्याचा, एसीचा आणि आभाळातली वीज जमिनीत नेणाऱ्या वीजरोधकाचा. आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडतात. माती सुकली की अर्थिंग दुबळं होतं, आणि वीज पडायचा मोसम नेमका त्याच टोकाला, मृगाच्या आधी येतो. म्हणून मार्चपासून मोरीचं पाणी या खड्ड्यांत सोडलंय.

पाण्याचा विषय निघालाच आहे. २०१३ च्या दुष्काळात परळीचं औष्णिक केंद्र पाण्यावाचून बंद ठेवावं लागलं होतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. ज्या मुलखात वाफेला पाणी मिळत नाही, तिथं पाण्यावाचून होणारी वीज किती मोलाची आहे, हे लातूरकराला सांगायला नको. पॅनेल पुसायला मात्र थोडं लागतं. बोअरचं जड पाणी काचेवर पांढरे डाग सोडतं, म्हणून या घरात पावसाचं साठवलेलं पाणी, मऊ फडकं आणि पहाटेची वेळ. तापलेल्या काचेवर गार पाणी कधीच नाही.

(दृश्य : आलेली आणि गेलेली वीज मोजणारं नेट मीटर. आकडे बदलताना.)

कागदाचं काम थोडक्यात. वाढीव क्षमतेचा अर्ज आणि मंजूर भार, दोन्ही पॅनेल जोडण्याआधी. महावितरणला परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा चाचणी अहवाल लागतो. मिस्त्रींनी ठेकेदाराला आधीपासून सोबत घेतलं, मीटरकडची जोडणी त्याच्याच देखरेखीत झाली. फेब्रुवारी २०२४ पासूनच्या पीएम सूर्यघर योजनेत २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किलोवॅट किंवा जास्तीला ७८,००० रुपये अनुदान आहे. त्यासाठी नोंदणीकृत विक्रेता आणि देशी सेलचेच पॅनेल लागतात. या घरानं अनुदान घेतलेलं नाही. तुम्ही विक्रेत्याकडून घेतलंत, तरी तो माणूस स्लॅबवर असताना तुम्हीही वर जा. पिन ओढून बघा, माळेचा दाब वहीत लिहून घ्या, आयसोलेटर कुठं आहे ते घरातल्या प्रत्येकाला दाखवा.

बिल आता बहुतेक महिने स्थिर आकारापुरतं येतं. जास्तीची युनिटं वर्षभर पुढं जातात. मार्चअखेर उरलेल्यांना मिळणारा दर घरगुती दराहून बराच कमी असतो, म्हणून गरजेपेक्षा मोठा संच त्यांनी केला नाही.

(दृश्य : शेजारचा स्लॅब. मुलीच्या हातात टेप, सोबत शेजारचे काका.)

आता शेजारच्या स्लॅबचं मोजमाप सुरू झालंय. काकांना पॅनेलची किंमत आधी हवी आहे.

"किमतीचं नंतर बघू काका. आधी मागच्या बारा महिन्यांची बिलं काढा, मंजूर भार किती लिहिलाय तो बघा. अन् ही टाकी डिसेंबरात कुठवर सावली टाकती, ते खडूनं आखून ठेवा. मंग पॅनेल किती ते सांगते."